तूस भरलेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी, रिकामी सिगारेटची डबी आहे. नाक मुरडू नका. फाटक्या छत्रीचे मनोगत तुम्ही ऐकता, मोडक्या बाकाचे ऐकता, शाळेच्या घंटेला तर दरवर्षी बोलायला लावता. मग माझ्याच वेळी पोटात का दुखते?

माझ्या कंपनीचे नाव मी सांगणार नाही. माझी जाहिरात करायला बंदी आहे आणि मी कायदा पाळणारी डबी आहे. तरीसुद्धा सध्या मी एका सरकारी कार्यालयात अटकेत आहे. माझ्या पोटात धानाचे, म्हणजे भाताचे, तूस सापडले, हा माझा गुन्हा. तूस सापडले हे खरेच आहे. पण ते भरायची पाळी का आली, हे कोणी लिहून घेतले नाही. तेवढे तुम्ही ऐका.

माझा जन्म खूप दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर माझ्या तोंडावर एका सडलेल्या घशाचे चित्र छापले गेले. तो घसा कोणाचा, मला ठाऊक नाही. इतकी वर्षे आम्ही एका अंगावर राहतो, पण ओळख झाली नाही. चित्राखाली लिहिले आहे की तंबाखूने मरण येते. लोक स्वतःची ओळख करून देताना आपले गुण सांगतात. मी मात्र 'माझ्या नादी लागू नका' अशी ओळख करून देते आणि मग विकली जाते. यात माझा दोष किती आणि वाचणाऱ्याचा किती, हे तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा. ओढू मात्र नका.

कारखान्यातून ट्रकने, ट्रकमधून गोदामात आणि गोदामातून एजन्सीच्या भूपेशच्या मोटारसायकलवरच्या थैलीत बसून मी पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर आले. तिथे कुंताबाईचा पानठेला होता. चार लाकडी पाय, वर टिनाचे छप्पर, समोर तीन फळ्या. कुंताबाईचा नवरा, खुशाल त्याचे नाव, गावच्या तलावात मासे धरणाऱ्या सोसायटीत होता. तलावात पाणी असेपर्यंत चूल माशांवर चाले. तलाव आटला की चूल ठेल्यावर येई. फाट्यावरची ती जागा कोणाच्या नावावर नव्हती. जो रोज उघडेल त्याची. म्हणून ताप आला तरी कुंताबाई ठेला उघडत असे आणि ठेल्यातच झोपून ताप काढत असे.

तिचे काही नियम होते. एकदा शाळेच्या कपड्यातला एक पोट्टा आला आणि म्हणाला, "बाबानं सिगारेट मांगतली."

कुंताबाई म्हणाली, "बाबाले सांग, सोताचे पाय घेऊन ये म्हणा."

खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू, ती विकत नसे. तिच्या दिराचे तोंड खर्र्याने इतके आखडले होते की त्यात चमचाही जात नसे, पेज ओतावी लागे. खर्रा न विकण्यावरून नथ्थूभाऊ तिला नेहमी छेडत. नथ्थूभाऊ म्हणजे आमचे रोजचे गिऱ्हाईक. दोन एकर धान, एक बैलजोडी आणि एक खोकला, एवढी त्यांची मालमत्ता.

"खर्रा इकत नाई, मंग सिगारेट काऊन इकते वं?"

"हिच्या तोंडावर लिवलं तरी आहे, नथ्थूभाऊ. खर्र्याच्या पन्नीवर काय लिवलं राह्यते?"

"माह्यं तर वाचूनच होत नाई."

"कसं होईन? वाचाच्या आंधीच पेटवता ना तुमी."

मला रिकामे केले ते याच नथ्थूभाऊंनी, एकेक करून. सुटी सिगारेट विकू नये असा नियम आहे म्हणतात. तो मुंबईहून निघालाही होता. पण आमच्या फाट्यावर जलद गाडी थांबत नाही, त्यामुळे पुढे निघून गेला असावा.

शेवटची सिगारेट संपली तेव्हा मला वाटले, आता मला चुरगाळून नालीत टाकणार. पण कुंताबाईने माझे झाकण अलगद लावले, पदराने तोंड पुसले आणि मला वरच्या फळीवर नेऊन उभे केले. शेजारी माझ्यासारख्याच रिकाम्या बहिणी रांगेत उभ्या होत्या. आमच्या धंद्यातली ही रीत आहे, मित्रांनो. खरा माल खाली प्लॅस्टिकच्या बरणीत असतो, दोन-चार डब्या. समोर दिसते ती भिंत रिकाम्यांची. कारण, कुंताबाईच्या शब्दांत, "रित्या ठेल्यावर माशी बी बसत नाई."

अडचण एकच होती. रस्त्यावरून बांबूचे आणि कोळशाचे ट्रक जात. एक ट्रक गेला की हवेने आम्ही सगळ्या जणी उडून रस्त्यापलीकडे जात असू. कुंताबाई आम्हाला वेचून आणी, तोवर दुसरा ट्रक येई. एके दिवशी खुशाल जाळे खांद्यावर टाकून हा खेळ बघत उभा राहिला.

"जाळं पाण्यात उभं राह्यते ते कायनं?" त्याने विचारले.

"मले काय इचारता, तुमी सांगा."

"खालच्या शिशाच्या गोळ्यायनं. तुह्या डब्ब्यायले खाली वजन नाई."

मग त्याने प्रत्येकीच्या तळाला चिमूटभर रेती घातली आणि वरून गिरणीतले तूस ठासून भरले. पोट फुगले, कडा ताठ झाल्या. ट्रक गेला तरी आम्ही हललो नाही. अशा रीतीने माझ्या पोटातला तंबाखू जाऊन धान आले. आमच्या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, राहायचे तर पोटात धानाचे काहीतरी पाहिजेच.

ते माझे सुखाचे दिवस होते. बसमधले लोक खिडकीतून बघत आणि म्हणत, "भल्ली मोठी दुकान आहे बाप्पा!" कुंताबाई हळूच एखादी तिरकी डबी सरळ करी. भिंतीला बघून लोक थांबत आणि बिस्कीट, सुपारी, पान असे काहीबाही घेऊन जात. आम्ही रिकाम्या होतो, पण निरुपयोगी नव्हतो. असे तुमच्या ओळखीतल्या किती भरलेल्या लोकांबद्दल म्हणता येईल?

मग कर वाढला.

मित्रांनो, मी कराच्या विरोधात नाही. मी महाग झाले तर लोक मला सोडतील, असे सरकारला वाटले. मलाही वाटले. माझ्या तोंडावरच्या घशालाही वाटले असेल. पण झाले असे की कंपनीने छापील किंमत वाढवली आणि ती निश्चिंत झाली. सरकारचा वाटा कारखान्याच्या दारातच निघून जातो, त्यामुळे तेही निश्चिंत झाले. एजन्सीने उधारी बंद करून आधी रोख मागायला सुरुवात केली, म्हणजे तीही निश्चिंत. आता काळजी तर सगळी कुठेतरी ठेवायला हवी ना? ती पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर चार लाकडी पायांवर ठेवण्यात आली.

ज्या पैशात पूर्वी थैलीभर माल येई, त्यात आता थैलीचा तळ झाकेना. डबीमागे सुटायचे ते मात्र चिमणीच्या चोचीएवढेच राहिले. आणि लोकांनी मला सोडले का? सोडले. पण धूर नाही सोडला. कोणी बिडीवर गेले, कोणी खर्र्यावर गेले आणि उरलेले मिथुनकडे गेले.

मिथुन म्हणजे फाट्यावरच्या मोहाच्या झाडाखाली पाठीवर थैली लावून उभा राहणारा इसम. त्याच्याकडच्या डब्या कुठून येत ते त्यालाही नीट माहीत नव्हते. त्यांच्यावर कर नव्हता, किंमत नव्हती, घसा नव्हता. इतक्या गोऱ्यागोमट्या डब्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. माझ्या एका सिगारेटच्या पैशात तिथे अर्धी डबी येई. मिथुनला दुकान नव्हते, फळी नव्हती, पाटी नव्हती. त्याच्यावर कारवाई करायची तर कशावर करणार? झाडावर?

इकडे कुंताबाईच्या फळ्यांवरचा माल कमी होत गेला. जिथे खड्डा पडे तिथे ती घरच्या पोत्यातून एक जुनी रिकामी डबी आणून तूस भरून उभी करी. खड्डे वाढले, तशा आम्ही वाढलो. म्हणजे कर जितका वाढला, तितका कुंताबाईचा ठेला भरलेला दिसू लागला. शेवटी छपरापर्यंत भिंत गेली. आत होते काय? बरणीत दीड डबी.

घात इथेच झाला.

भाव पुन्हा एकदा वाढला त्या सकाळी नथ्थूभाऊ आले, नेहमीचे पैसे ठेवले आणि हात पुढे केला. कुंताबाईने भाव सांगितला. नथ्थूभाऊंनी भिंतीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि त्यांचा तोल गेला.

"हा सगळा जुना माल आहे. जुन्या भावात भरला अन् आता नव्या भावात इकून राह्यली तू!"

"रिकाम्या आहेत त्या, नथ्थूभाऊ. तुमच्याच ओढलेल्या."

"मले नोको शिकवू. एक घे बरं हातात." त्यांनी स्वतःच मला उचलले आणि कानाशी हलवले. सळसळ झाली. "वजन तर आहे हिच्यात!"

"तूस आहे. उघडून पाहा ना."

"उघडली तं इकत घ्या लागन. तुह्या चाली म्हाईत आहेत मले!"

असे म्हणून ते तणतणत निघून गेले आणि दुपारपर्यंत ही गोष्ट बसस्टँडपासून धानाच्या गिरणीपर्यंत सांगून आले. भूपेशनेही तेच केले. त्याने मोटारसायकल थांबवली, पण इंजिन बंद केले नाही.

"बाई, तुमच्याइथी तर गोदाम आहे. ज्याच्याकडं माल नाई त्याले देतो मी."

"भूपेश, देवाशपथ रिकाम्या आहेत रे."

"सारे असंच म्हणते," तो म्हणाला आणि गेला.

मला खरा राग इथे आला, मित्रांनो. भाव वाढायच्या आधी शहरातल्या मोठ्या व्यापाऱ्यांनी गच्च भरलेल्या गोदामांना कुलपे लावली आणि 'आमच्याकडे काही नाही' म्हणून सांगितले. ते सगळ्यांना पटले. कुंताबाई रिकामीला रिकामी म्हणाली, तर तिला कोणी मानेना. खोटे बोलायलासुद्धा मोठे गोदाम लागते, हे मला तेव्हा कळले.

एक दिवस भर दुपारी ठेल्यासमोर जीप थांबली. तालुक्याच्या कुठल्याशा पथकाचे साहेब उतरले. मागून दोन माणसे उतरली. साक्षीला पंच हवा म्हणून रस्त्याने जाणारा एक माणूस धरला गेला. ते नथ्थूभाऊ होते.

"साठेबाजीची तक्रार आहे," साहेब म्हणाले आणि पहिली डबी म्हणून मलाच उचलले. झाकण उघडून त्यांनी मला तळहातावर उपडे केले. तूस पडले. मागून रेती पडली. साहेब शहरातून नुकतेच बदलून आले होते. त्यांनी तूस नाकाशी नेले.

"हा कुठला तंबाखू?"

"एचएमटी आहे, साहेब," कुंताबाई म्हणाली. एचएमटी हे आमच्याकडच्या बारीक धानाचे नाव आहे, हे लहान पोरालाही ठाऊक असते. साहेबांनी ते कंपनीचे नाव म्हणून लिहून घेतले.

"आणि ही रेती?"

"नदीची."

"रेतीची रॉयल्टी भरली का?"

 आमच्या भागात रात्रंदिवस रेतीचे ट्रक धावतात, त्यांना हा प्रश्न कधी कोणी विचारलेला मी ऐकला नाही. पहिल्यांदा विचारला गेला तो एका चिमटीला.

साहेबांनी आणखी पाच-सहा जणींना उपडे केले. सगळीकडे तूस. त्यांचा चेहरा उजळला. "ही साठेबाजी नाही," ते म्हणाले, "हा नकली सिगारेटचा कारखाना आहे. जुन्या डब्या, आत भुसा. सील लावा ठेल्याला."

कुंताबाई ठेल्याच्या आणि त्या माणसांच्या मधे येऊन उभी राहिली.

"सिगारेट कुठी आहे त्याच्यात, साहेब? कागद तरी दिसून राह्यला का? डब्बी उडू नोये म्हणून तूस भरलं."

"रिकाम्या डब्या कोण मांडून ठेवतं?"

"भरलेल्या घ्यायले पैसे राह्यले असते तं भरलेल्या मांडल्या असत्या. सील नोका लावू. आठ दिस ठेला बंद राह्यला तं ही जागा गेली. तलाव आटला आहे. खावाचं काय आमी, हेच तूस?"

तेवढ्यात नथ्थूभाऊ पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"साहेब, गलती माही आहे. बोंब मीच मारली. पण ह्या डब्ब्या खरंच रिकाम्या आहेत. माह्याच ओढलेल्या आहेत."

"पुरावा?"

नथ्थूभाऊ खोकले. खोकला बराच वेळ चालला. पोटातून निघाला, छातीत फिरला, एकदा थांबल्यासारखे करून पुन्हा सुरू झाला. जवळच्या सगळ्यांची खात्री पटली. साहेबांनी मात्र तो नोंदवून घेतला नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

शेवटी साहेब थोडे विरघळले. जीपचे डिझेल जाळून आले होते, रिकाम्या हाताने परतणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून मधला मार्ग निघाला. ठेला राहू द्यायचा, डब्या जप्त करायच्या.

"ठेला ठेवता अन् भिंत नेता," कुंताबाई म्हणाली. "साहेब, भिंत म्हणजेच तर ठेला होता."

आम्हाला पोत्यात कोंबले गेले. मी सर्वांत वर होते, म्हणून पुढचे मला दिसले. एवढे काम केल्यावर साहेबांना तलफ आली. त्यांनी कुंताबाईकडे एक सिगारेट मागितली. तिने बरणीतून काढली आणि भाव सांगितला.

"एवढी महाग?" साहेब म्हणाले.

"कर आहे, साहेब."

साहेबांनी ती परत दिली, रस्ता ओलांडला आणि मोहाच्या झाडाखाली मिथुनकडून एक घेऊन पेटवली. त्याची डबीही उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर चित्र नव्हते, त्यामुळे त्यांना त्यात काही आक्षेपार्ह दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली : 'पानठेल्याआड नकली सिगारेटचा कारखाना?' प्रश्नचिन्ह लहान होते. तिच्यातल्या फोटोसाठी आदल्या संध्याकाळीच आम्हाला कार्यालयातल्या लोखंडी रॅकवर मांडण्यात आले. पण आम्ही रॅकला पुरलो नाही. वारलू नावाचा शिपाई आम्हाला रचत होता. साहेब त्याला म्हणाले, "दाटीने लावू नकोस. थोड्या सुट्या सुट्या लाव. भरलेलं दिसलं पाहिजे."

असेच काहीतरी मी आधी एका ठेल्यावर ऐकले होते.

तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. वरून तपासणी आली की वारलू आम्हाला पुसून पुढे मांडतो. मोठे साहेब येतात, रॅककडे पाहतात आणि 'उत्तम कारवाई' म्हणून जातात. त्यांनी कधी कोणाला हलवून पाहिले नाही. इथेही माझे काम तेच आहे, मित्रांनो. फक्त कुंताबाईकडे हे काम केल्याबद्दल मला गुन्हेगार म्हणतात आणि इथे मला कामगिरी म्हणतात.

मध्ये एकदा कुंताबाई आली होती. मोठ्या धीराने साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, डब्ब्या वापस द्या. भिंत गेल्यापासून बसवाले थांबत नाई, भूपेशची गाडी थांबत नाई. लोक म्हणते, ठेला बंद पडला. मी आत बसली राह्यतो तरी म्हणते."

"प्रकरण चालू आहे, बाई. मुद्देमाल असा देता येत नाही."

"रिकाम्याच तर आहेत."

"रिकाम्या असल्या तरी मुद्देमाल आहे."

 कुंताबाईची नजर साहेबांच्या पाठीमागे रॅकवर गेली आणि तिने आम्हाला ओळखले. मी जराशी तिरकी उभी होते. ती सरळ आली, मला बोटाने नीट केले, चित्र बाहेर केले आणि सवयीने पदराने माझे तोंड पुसले.

"साहेब," ती म्हणाली, "समोरची रांग जराशी पुढं घ्या. मांगं खाली दिसते. अन् पावसाळ्याच्या आंधी तूस बदलवा, नाई तं कीड लागते."

साहेबांनी वळून पाहिले. खरेच मागे रिकामे दिसत होते. त्यांनी वारलूला हाक मारून रांग पुढे घ्यायला लावली. तोवर कुंताबाई पायऱ्या उतरून गेली होती.

वारलूचे सासर त्याच फाट्याजवळ आहे. तो म्हणतो, पावसाळ्यापर्यंत तिने ठेला रोज उघडला. मग खुशालने तीन फळ्या काढून नेल्या आणि तलावाच्या पाळीवर मांडल्या. आता त्यांच्यावर झिंगे सुकत असतात. ज्या जागेवर ठेला होता तिथे मिथुनने टेबल टाकले आहे. टेबलावर काहीच नसते. नथ्थूभाऊ तिथून सिगारेट घेत नाहीत म्हणे. ते खर्र्यावर गेले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला ओढणाऱ्यांना अडवायचे तर जरूर अडवा. माझा कारखाना बंद करायचा असेल तर त्याच्या दारात जाऊन करा, मी स्वतः दार दाखवायला येते. पण रस्त्याकडेच्या एखाद्या बाईला दाबून कारखाना वाकला, असे मात्र मानू नका.

आणि कधी फाट्यावर छपरापर्यंत भरलेला एखादा ठेला दिसला, तर बोंब मारण्याआधी एक डबी हळूच हलवून बघा. सळसळ आली तर कोणाला सांगू नका. आवाज न करता ती होती तिथेच, चित्र बाहेर करून, सरळ उभी ठेवा. तिरकी राहिली तर शेजारचीही पडते, आणि मग मागचे सगळे दिसते.